पगार त्याच्या खात्यात येतो, पण त्याचं करतं कोण?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पेन्शनला पेन्शन कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्यांचा पगार, विधवांचा पगार, अपंगांचा पगार. 'तिच्या पोराचा पगार सुरू झाला काय?' असं विचारलं की सगळ्यांना कळतं.

गेल्या लावणीच्या दिवसांत मी मावशीबरोबर गावातल्या बँकेच्या सेवा केंद्रावर गेले होते. माझा मावसभाऊ बावीस वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हाताची बोटं मुठीत घट्ट वळलेली असतात. त्याचा अंगठा यंत्रावर ठेवायचा तर एकानं मनगट धरायचं आणि दुसऱ्यानं अंगठा हळूहळू सोडवून सरळ करायचा. मावशीनं पदराचं टोक ओलं करून अंगठा पुसला, ठेवला. पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. चौथ्या वेळी तो रडकुंडीला आला. "मावशी, अंगठा उठंना, उद्या या की," केंद्रावरचा पोरगा म्हणाला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मावशीचा त्या दिवशीचा रोज बुडला, दुसऱ्या दिवशीचाही बुडला, आणि पगार तीन महिने अडकून राहिला. शेवटी खानापूरच्या आधार केंद्रात बुबुळांवरून त्याची ओळख पटली आणि काम झालं. ज्यांच्या बोटांचे ठसे येत नाहीत त्यांच्यासाठी बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मावशीचे किती हेलपाटे वाचले असते!

तेव्हापासून मनात होतं की हा सगळा पैशाचा व्यवहार एकदा नीट समजून घ्यावा आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावा. पैसा कुठून येतो, गेल्या काही वर्षांत त्यात काय बदललं आणि त्या बदलाचं ओझं घरात कुणाच्या डोक्यावर येऊन बसलं, हे या लेखात सांगते.

सुरुवात टक्क्यांपासून करावी लागेल, कारण सगळं त्यावरच ठरतं. डॉक्टर तपासून अपंगत्व किती टक्के ते लिहितात. चाळीस टक्क्यांच्या खाली बहुतेक योजनांचं दार उघडत नाही. चाळीस ते चौऱ्याहत्तर टक्क्यांना कर्नाटक सरकार महिन्याला ८०० रुपये देतं. २०२१ पर्यंत ते ६०० होते. पंचाहत्तर आणि त्यावर १४०० रुपये. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना २००० रुपये. म्हणजे कागदावर ७४ लिहिलं की ७५ लिहिलं, या एका आकड्यानं महिन्याचे ६०० रुपये इकडचे तिकडे होतात. म्हणून तपासणीच्या दिवशी आईबापांनी मुलाची अडचण लपवू नये. आपल्याकडे डॉक्टरांसमोर 'आता बरंच सुधारलंय हो' असं म्हणायची सवय असते. तिथं घरी जे घडतं ते जसंच्या तसं सांगावं. टक्केवारी पटली नाही तर अपील करायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे.

यात केंद्राचाही वाटा असतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजनेत ऐंशी टक्के आणि त्यावर अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्र महिन्याला ३०० रुपये देतं. खात्यात येणाऱ्या रकमेत ते मिसळलेले असतात, त्यामुळे वेगळे दिसत नाहीत. हा ३००चा आकडा २०१२ सालचा आहे. तेव्हापासून गॅस, तांदूळ, औषधं, वडापचं भाडं सगळं वाढलं. हा आकडा मात्र जागचा हलला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अपंगत्व मोजतात ते एका माणसाचं, पण उत्पन्न मोजतात ते सगळ्या घराचं. धाकट्या भावाला बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात नोकरी लागली की घराच्या उत्पन्नाचा दाखला बदलतो, रेशन कार्डाचा रंग बदलायची वेळ येते, आणि त्याच घरात अंथरुणाला खिळलेल्या थोरल्याचा पगार धोक्यात येतो. भावाच्या नोकरीमुळे त्याचं अपंगत्व काही कमी होत नाही. अशा वेळी घर खरोखरच वेगळं झालं असेल तर रेशन कार्ड वेगळं करून घ्यावं. खोटं वेगळं दाखवू नये, पुढं तेच अंगाशी येतं.

आता बदलांकडे येऊ. १९९५च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलेलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते एकवीस केले. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, ॲसिडहल्ल्यात होरपळलेली माणसं, हे सगळे त्यात आले. वर्षानुवर्षं 'हिच्यावर बाहेरची बाधा आहे' म्हणून देवऋषाकडे नेलेल्या कितीतरी लेकरांना या यादीनं पहिल्यांदा आजाराचं खरं नाव दिलं. या बदलाला मी मनापासून चांगला म्हणते.

मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, आलं. जून २०२१ पासून अपंगत्वाचा दाखला फक्त त्याच्या पोर्टलवरूनच निघतो. कार्डाचे रंगही आहेत: चाळीसपेक्षा कमी टक्के असतील तर पांढरं, चाळीस ते एकोणऐंशी पिवळं, ऐंशी आणि त्यावर निळं. लक्षात घ्या, कार्डाचा रंग ऐंशीला बदलतो, आपल्या राज्याच्या पगाराची रेघ पंचाहत्तरला आहे. पिवळं कार्ड आहे म्हणून १४०० मिळणार नाहीत असं कुणी सांगितलं तर आतला आकडा दाखवा. सत्याहत्तर टक्क्यांचं पिवळं कार्ड असलेला माणूसही १४००चा हक्कदार आहे.

तिसरा बदल पैसा पोचवण्याचा. पूर्वी मनीऑर्डर यायची, पोस्टमन दारात येऊन पैसे मोजून द्यायचा. आता थेट खात्यात येतात. मधल्या माणसाचा हात निघाला हे खरंच, आणि खात्यात कधी किती आले याचा पुरावाही राहतो. पण पूर्वी पैसा माणसाकडे चालत यायचा, आता माणसाला पैशाकडे जावं लागतं. ज्याला चालताच येत नाही त्याला कुणीतरी उचलून न्यावं लागतं. आधार खात्याला जोडा, मोबाईल नंबर जोडा, केवायसी करा, दाखल्याची मुदत संपली तर परत तपासणी, पोर्टलवर फोटो नीट नाही म्हणून परत अर्ज. सरकारचं बरंचसं काम असं मावशीच्या पिशवीत आलं. त्या पिशवीत आता आधार, रेशन कार्ड, पासबुक, निळं कार्ड, जात-उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स असतात. घराला आग लागली तर आधी पोराला आणि मग या पिशवीला उचलीन, असं ती म्हणते.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. आपल्या लेकी चंदगड, गडहिंग्लज, कागलला दिलेल्या असतात आणि तिकडच्या आपल्याकडे सुना म्हणून येतात. शिनोळीहून बेळगाव किती लांब? पण दिव्यांग माणसाचा पगार सरहद्दीच्या अलीकडं एक आणि पलीकडं वेगळा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० रुपये मिळत होते. मोठ्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं ते २५०० केले. इकडं त्याच अपंगत्वाला ८०० किंवा १४००. एका घराण्यातल्या दोन चुलत भावांना, एक शिनोळीत आणि एक इकडं, असा वेगळा पैसा मिळतो, तेव्हा मनाला लागतंच.

यातून एक चूक होते, ती टाळा. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. कोल्हापूर जिल्ह्यात काढलेलं कार्ड घेऊन सून म्हणून येळ्ळूरला आलेल्या मुलीला नव्यानं टक्केवारी काढायची गरज नाही, कार्डावरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा. पगार मात्र राहत्या राज्याचाच मिळतो. दोन्हीकडं नाव ठेवायचा मोह काही जणांना होतो. आधार एकच असल्यामुळे ते उघडकीला येतं आणि मग दोन्ही बंद होतात. माहेरच्या तहसीलदारांकडं पगार बंद करायचा अर्ज द्या, पोच घ्या आणि ती पोच इकडच्या नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, नव्या अर्जाला जोडा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकानं त्याला हरकत घेतली, हे आपण पेपरात वाचलं आहे. ती योजना दवाखान्याच्या उपचारांची होती. तिचा आणि या महिन्याच्या पगाराचा संबंध नाही, दोन्हींची गल्लत करू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडं येते. कन्नड कागदांवर दिव्यांगाला 'विकलचेतन' म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'आरैकेदार'. मराठीत आपल्या तोंडात यासाठी एक शब्दच नाही. आपण विचारतो, 'त्याचं कोण करतं?' आणि उत्तर येतं, 'आईच करते सगळं.' या 'करते'मध्ये काय काय असतं ते एकदा बघा. पहाटे पाचला उठून मावशी त्याला कुशीवर वळवते, कपडे बदलते. मोरीपर्यंत उचलून न्यायला शेजारच्या काकांना हाक मारते, कारण आता तो तिच्यापेक्षा जड झालाय. भात मऊ कुस्करून, आमटीत कालवून घास घास भरवायला पाऊण तास लागतो, घाई केली की ठसका लागतो आणि डोळे पांढरे होतात. दुपारी पाय चोळायचे, नाहीतर ते आखडतात. रात्री दोनदा उठून कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बावीस वर्षांत ती कुठल्याही लग्नाला मुक्कामी राहिलेली नाही. टक्केवारीच्या दाखल्यात यातलं काहीही नसतं.

कायद्यात मात्र हे आहे, आणि ते आपल्याला माहीत असायला हवं. २०१६च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये सरकारनं कोणकोणत्या योजना कराव्यात ते लिहिलंय. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. कलम ३८ सांगतं की अशी जास्त आधाराची गरज आहे का हे एका मंडळानं तपासून ठरवावं. म्हणजे टक्क्यांच्या पलीकडं जाऊन 'याला दिवसभरात किती मदत लागते' हा प्रश्न कायद्यानं मान्य केलेला आहे. त्याच कलम २४ मध्ये आणखी एक वाक्य आहे: इतरांसाठी असलेल्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांना निदान २५ टक्के जास्त मदत मिळावी. कर्नाटकात म्हाताऱ्या माणसांना संध्या सुरक्षा योजनेत १२०० मिळतात. त्यावर २५ टक्के धरले तर १५०० होतात. ८०० कुठं आणि १५०० कुठं! या दोन योजना 'तशाच' आहेत की नाहीत यावर वकील वाद घालतील, पण मला तरी हा हिशेब साधा सरळ वाटतो.

काळजीवाहकाच्या भत्त्याची सुरुवात आपल्या राज्यानं केलीय. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या चार आजारांच्या माणसांना सांभाळणाऱ्यांना महिन्याला १००० रुपये देण्याची घोषणा झाली. ज्यांच्या घरी या चारपैकी काही आहे त्यांनी तालुक्याच्या पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठून अर्जाची चौकशी करावी. दाखल्यावर आजाराचं नाव नेमकं लिहिलेलं आहे का तेही बघावं. पुष्कळ जुन्या दाखल्यांवर नुसतं 'शारीरिक अपंगत्व' लिहिलेलं असतं आणि मग नाव यादीत बसत नाही.

हे पाऊल मोलाचं आहे. पहिल्यांदा सरकारी कागदावर मावशीसारखीला जागा मिळाली. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३७० रुपये होती. हजार रुपये म्हणजे तीन दिवसांची मजुरीसुद्धा नाही, आणि मावशीचे महिन्याचे तीसही दिवस यात जातात. दुसरी गोष्ट आमच्या गल्लीतच आहे. चार घरं सोडून एक वहिनी आहेत, त्यांच्या मुलीला ऑटिझम आहे. मुलगी चालते, पळते, म्हणूनच त्यांना डोळ्याला डोळा लावता येत नाही. एकदा ती अनवाणी रेल्वे रुळापर्यंत गेली होती. वहिनींनी मशीनकाम सोडलं, बाहेरची शिवण बंद झाली. त्या चार आजारांत ऑटिझम नाही, बौद्धिक अक्षमताही नाही. यादी आजारांच्या नावावर न करता लागणाऱ्या मदतीवर करायला हवी, कलम ३८चा अर्थच तो आहे. २०२३ साली आलेल्या सरकारात दिव्यांगांचं खातं बेळगाव ग्रामीणच्याच आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडं आलं. आपल्या जिल्ह्यातल्या आयांनी ही मागणी लिहून निवेदन त्यांच्या हातात द्यायलाच हवं.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० आहेत ना, असं काही जण म्हणतात. ते रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यात येतात. एकत्र घरात ती सासू असते आणि रात्री उठणारी असते सून. घरात समजूतदारपणा असेल तर ठीक, नसेल तर सुनेच्या हातात काहीच पडत नाही. 'सांभाळणाऱ्यालाही धरलं पाहिजे' हे मला स्वच्छ दिसलं ते रेल्वेच्या सवलतीत. एकट्यानं प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांगाला दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरला ७५ टक्के सवलत मिळते, आणि त्याच्या सोबत्यालाही तेवढीच मिळते. पगारदार आईबापांसाठी आयकरात दिव्यांग मुलाच्या सांभाळाची वजावट आहे (१९६१च्या आयकर कायद्यात तिचं कलम ८० डीडी), ७५ हजार किंवा तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाख, पण ती जुन्या करपद्धतीतच. नवी पद्धत निवडली तर जाते, म्हणून सीएला आधी विचारा.

मूल अठरा वर्षांचं झालं की एक नवाच प्रश्न उभा राहतो. कायद्यानं ते सज्ञान होतं आणि त्याच्या खात्यावर आईची सही चालत नाही. मुलाला सही येत नाही, आईची चालत नाही, पैसा खात्यात पडून. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा दाखला मिळतो. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे प्रमुख असतात ती समिती तो देते. म्हणजे बेळगावच्या डी.सी. ऑफिसात चौकशी करायची. अठरावा वाढदिवस जवळ आला की कागद जमवायला लागा, थांबू नका. त्याच न्यासाचा 'निरामय' नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. फिजिओथेरपीचा खर्चसुद्धा त्यात धरतात, पण आधी पदरचे पैसे घालायचे आणि मग बिलं पाठवायची. तेव्हा बिलं जपून ठेवा.

भाषेचंही सांगते. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये असतो, आलेलं पत्रही कन्नडमध्ये. शाळेत कन्नड शिकलेल्या नातवंडांकडून ते वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण तक्रार किंवा गाऱ्हाणं आपल्या भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं प्रत्येकाला दिलाय. देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याला. मराठीत नीट, मुद्देसूद लिहा, दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून परत घ्या. जमलं तर सोबत कन्नड भाषांतर जोडा, म्हणजे काम लवकर होतं.

आणि ग्रामसभेला जा. कर्नाटकात ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. प्रत्येक पंचायतीला ग्रामपुनर्वसन कार्यकर्ता असतो, बहुतेक वेळा तो स्वतः दिव्यांग असतो, त्याला आपली अडचण लवकर कळते. आमच्या पंचायतीत त्या पैशातून तीनचाकी सायकली घ्यायचं घाटत होतं. मावशी कधी ग्रामसभेत बोलली नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "माझ्या पोराला सायकल चालवाय येत नाही. मला मोरीत न्यायची चाकाची खुर्ची द्या, खाली भोक असलेली." दोघं-चौघं हसले. मग पुनर्वसन कार्यकर्त्यानं पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, समजावलं की अशी कमोड खुर्ची मिळते, महागही नसते, आणि गावात आणखी तीन घरांना ती लागेल.

सहा महिन्यांनी चार खुर्च्या आल्या. मावशीनं मोरीचा उंबरा फोडून सपाट करून घेतला. आता पहाटे ती एकटीच त्याला आत नेते. शेजारच्या काकांना हाक मारावी लागत नाही, आणि तोही आता अंघोळीच्या वेळी ओरडत नाही.